उतरलेली बॅटरी आणि उतावळे हात

पहाटेचे पाच वाजत आलेले असतात. नव्या सांगवीतल्या एखाद्या गल्लीत, चार मजली इमारतीच्या खाली एक जुनी चारचाकी उभी असते. चाकणच्या पहिल्या पाळीची माणसे ठिकठिकाणी तिची वाट पाहत असतात. एक पिंपळे गुरवला, एक कासारवाडीला, दोघे भोसरीला. चालक गाडीत बसतो, किल्ली फिरवतो आणि बोनेटखालून नुसता ‘टक’ असा आवाज येतो. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘टक’. समोरच्या पाटीवरचे दिवे क्षणभर लुकलुकतात आणि मालवतात. बॅटरी उतरलेली असते!

वाचकहो, हा प्रसंग आपल्यापैकी कितीतरी घरांना नवा नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा हा पट्टा चाकांवर चालतो. कुणी कंपनीच्या कामगारांची ने-आण करतो, कुणी टॅक्सी चालवतो, कुणी शाळेच्या मुलांची गाडी चालवतो. कुणी हप्त्याने घेतलेल्या जुन्या गाडीतून रविवारी आईवडिलांना गावी नेतो. अशा घरात गाडी बंद पडणे म्हणजे नुसती गैरसोय नसते. उशीर झाला तर कामगाराचा खाडा, चालकाची फेरी बुडणे आणि महिनाअखेरच्या हिशेबात घट. म्हणून त्या क्षणी मन घाबरे होते आणि हात उतावळे होतात. नेमका तिथेच अपघात दबा धरून बसलेला असतो.

पूर्वी अशा वेळी एकच उपाय होता. शेजारीपाजारी उठवायचे आणि धक्का मारायचा. त्याच्याही आधीच्या पिढीने जीपला आणि मालमोटारीला पुढून लोखंडी हँडल मारलेले आहे. ते हँडल उलटे फिरले की मनगट मोडायचे. अमेरिकेत १९१२ साली कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा सेल्फ स्टार्टर बसला आणि हळूहळू हँडल हद्दपार झाले. आता गेल्या काही वर्षांत बाजारात एक छोटी पेटी आली आहे. हातात मावेल एवढी, एका तोंडाला लाल आणि काळा असे दोन चिमटे. तिला ‘जंप स्टार्टर’ म्हणतात. काही हजार रुपयांना मिळते आणि उतरलेल्या बॅटरीच्या गाडीला पाच मिनिटांत सुरू करते.

पेटी उपयोगी आहे, यात शंका नाही. पण ती विकणारा दुकानदार पाच मिनिटांची गोष्ट सांगतो, चिमटे कोणत्या क्रमाने लावायचे हे क्वचितच सांगतो. सोबतचे पुस्तक बारीक इंग्रजीत असते आणि खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. म्हणून ही माहिती सोप्या शब्दांत आपल्यापुढे ठेवत आहोत. तीन मिनिटे वाचवण्याच्या घाईत डोळा गमावण्याची पाळी कुणावरही येऊ नये, एवढाच यामागचा हेतू.

बॅटरीच्या पोटात काय असते?

बॅटरी ही आपल्या भागाला परकी वस्तू नाही. १९६९ साली चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत एक्साइड बॅटऱ्यांचा कारखाना सुरू झाला आणि या गावांतल्या कितीतरी हातांनी बॅटऱ्या घडवल्या. शिसे आणि आम्ल यांच्या या बॅटरीचा शोध १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी लावला. आजच्या गाडीतल्या बॅटरीचे मूळ तत्त्व तेच आहे.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा साधारण दोन व्होल्टचा. कप्प्यात शिशाच्या पट्ट्या आणि त्यांच्याभोवती पाणी मिसळलेले गंधकाचे आम्ल. हे आम्ल कापडाला भोके पाडते, कातडी भाजते आणि डोळ्यात गेले तर बुबुळ जाळते. पण त्याहूनही लबाड गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत शंभर भागांत चार भाग हायड्रोजन झाला की एक ठिणगी त्याला पुरते. मग बॅटरीचे झाकण फुटते आणि आतले आम्ल फवाऱ्यासारखे उडते. ते कुठे उडते? बोनेटवर वाकून पाहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर!

‘आमची बॅटरी मेंटेनन्स फ्री आहे, तिला काही होत नाही,’ असे अनेकजण म्हणतात. ते खरे नाही. तिच्यात पाणी घालावे लागत नाही, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. वायू बाहेर जायला तिलाही बारीक वाट ठेवलेली असते.

तेव्हा पहिला नियम लक्षात ठेवा. ठिणगी पडायचीच असेल तर ती बॅटरीपासून दूर पडली पाहिजे. पुढे सांगितलेल्या प्रत्येक पायरीमागे हेच एक कारण आहे.

ही पेटी काय करते?

जंप स्टार्टरमध्ये लिथियमच्या छोट्या बॅटऱ्या असतात, आपल्या मोबाइलमध्ये असते त्याच जातीच्या, पण एकदम मोठा प्रवाह देऊ शकणाऱ्या. गाडीच्या इंजिनाला पहिला झटका देण्यासाठी तीन-चार सेकंद शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह लागतो, मोठ्या डिझेल गाडीला त्याहून जास्त. तेवढा प्रवाह ही पेटी उसना देते. उसना हा शब्द महत्त्वाचा. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली की त्या वेळचा चहा होतो, पण घरातला डबा रिकामाच राहतो. तसेच हे आहे. पेटीने गाडी सुरू होते, बॅटरी भरत नाही. आणि बॅटरीच खराब झाली असेल तर पेटी तिला बरे करू शकत नाही.

चिमट्यांच्या वायरवर एक छोटी डबी असते. बऱ्याच पेट्यांत त्या डबीवर हिरवा आणि लाल दिवा असतो. चिमटे बरोबर लागले तर हिरवा, उलटे लागले तर लाल दिवा आणि शिटी. ही सोय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर डोळे मिटून काम करू नये. दिव्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. म्हणून पुस्तकातले ते एक पान तरी घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलीकडून समजून घ्यावे. मराठीत लिहून पेटीला चिकटवून ठेवावे.

घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. ‘पीक अँपिअर’ म्हणून छापलेला हजार-दोन हजारांचा आकडा क्षणभराचा असतो. पेटी किती सी.सी.च्या पेट्रोल आणि किती सी.सी.च्या डिझेल गाडीसाठी आहे, ते विचारा. बिल आणि हमीपत्र घ्या. आणि प्रत्येक घरात एक हवीच असेही नाही. एका इमारतीत चार गाड्या असतील तर चौघांनी मिळून एक घेतली तरी भागते. फक्त ती चार्ज करण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असू द्या. सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, असे होऊ नये.

आधी रोग ओळखा

गाडी सुरू झाली नाही म्हणजे बॅटरीच उतरली, असे नव्हे. किल्ली फिरवताना मोठे दिवे लावून पाहा. दिवे एकदम मंद झाले आणि ‘टक’ किंवा ‘कटकटकट’ असा आवाज आला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिची जोडणी ढिली आहे. दिवे लख्ख राहिले आणि तरी सेल बसत नसेल, तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. सेल जोरात बसतो आहे पण इंजिन पकडत नाही, तर इंधन किंवा स्पार्क तपासावा लागेल. या शेवटच्या दोन दुखण्यांवर जंप स्टार्टरचा काही उपयोग नाही.

पुष्कळदा दोष आणखी साधा असतो. टर्मिनलवर पांढरी-निळी बुरशी चढलेली असते किंवा चिमटी हाताने हलते इतकी ढिली झालेली असते. ती साफ करून पाना घालून घट्ट केली की गाडी सुरू होते. साफ करताना काळी म्हणजे वजा बाजू आधी सोडावी आणि शेवटी लावावी. नाही तर अधिकच्या बाजूवर लावलेला पाना गाडीच्या पत्र्याला टेकला की मोठी ठिणगी उडते.

कुठे हात लावायचा नाही?

बॅटरीला तडा गेलेला असेल, ती फुगलेली असेल, गळत असेल, हाताला गरम लागत असेल किंवा तिला कुजलेल्या अंड्यासारखा वास येत असेल, तर चिमटे लावू नका. सरळ बॅटरीवाल्याला बोलवा. अशी बॅटरी म्हणजे शिटी अडकलेला कुकर.

आपल्या भागातल्या बऱ्याच गाड्या सी.एन.जी.वर चालतात, काही जुन्या गाड्या एल.पी.जी.वरही. गाडीजवळ जाताच गॅसचा वास आला तर किल्लीला हात लावू नका, चिमटे तर दूरच. दारे उघडी टाका, टाकीचा व्हॉल्व्ह हाताला येत असेल तर बंद करा, माणसांना लांब न्या आणि जाणकाराला बोलवा.

तिसरी गोष्ट खास सांगवीकरांसाठी. आपले गाव मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या कुशीत आहे. धरणांतून पाणी सुटले की जुन्या सांगवीच्या सखल भागात ते घरापर्यंत येते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२४ चे पूर अनेकांनी पाहिले आहेत. पाणी ओसरल्यावर गाडी चालू होते का हे पाहण्याची घाई सगळ्यांनाच होते. पण पुरात बुडालेल्या गाडीला जंप स्टार्टर कधीही लावू नये. इंजिनात पाणी शिरलेले असेल तर एका सेलमध्ये आतले दांडे वाकतात आणि काही हजारांचा खर्च लाखाच्या घरात जातो. वायरींत पाणी असेल तर आग लागू शकते. आधी मेकॅनिककडे ओढून न्या.

मोठ्या ट्रकला आणि बसला चोवीस व्होल्टची व्यवस्था असते. बारा व्होल्टची पेटी त्यांना चालत नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मुख्य बॅटरीच्या तर जवळही जाऊ नये.

चिमटे लावण्याचा क्रम

आता मुख्य काम. गाडी सपाट जागी घ्या. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा. दिवे, पंखा, ए.सी., रेडिओ सगळे बंद. किल्ली काढून खिशात ठेवा. हातातली अंगठी, घड्याळ, कडे उतरवा. लोंबणारी ओढणी, पदर किंवा मफलर आत खोचा. डोळ्यांवर साधा का होईना, चष्मा असू द्या. वेल्डिंगवाल्याकडे मिळणारा पारदर्शक चष्मा सर्वांत उत्तम. विडी-सिगारेट दूर. अंधार असेल तर मोबाइलचा दिवा लावा. काडी पेटवून बॅटरीत डोकावणारी माणसे अजूनही भेटतात! लहान मुलांना घरात पाठवा.

मग बॅटरीवर अधिक आणि वजा या खुणा शोधा. वायरीच्या रंगावर विसंबू नका. रस्त्यावरच्या वायरमनने हाताला मिळेल त्या रंगाची वायर कधी बसवली असेल, सांगता येत नाही. बॅटरीवर कोरलेली खूण पाहा. धूळ असेल तर पुसा. अधिकचा खुंटा वजापेक्षा किंचित जाड असतो, हीही एक ओळख. काही गाड्यांत बॅटरी मागे डिकीत किंवा सीटखाली असते. तेथे चिमटे कुठे लावायचे हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते.

पेटी बंद असताना, म्हणजे तिची वायर पेटीत खोचण्यापूर्वी, लाल चिमटा बॅटरीच्या अधिक खुंट्याला घट्ट लावा. काळा चिमटा बॅटरीला न लावता, तिच्यापासून हातभर तरी दूर, इंजिनाच्या रंग न दिलेल्या जाड लोखंडी भागाला लावा. गाडीचे सगळे लोखंड आतून वजा बाजूलाच जोडलेले असते, म्हणून काम तेच होते. आणि ठिणगी पडलीच तर वायूपासून दूर पडते. इंधनाची नळी, गॅसची नळी, पंखा आणि पट्टा यांच्याजवळ मात्र चिमटा नको. काही पेट्यांच्या पुस्तकात काळा चिमटा वजा खुंट्यालाच लावा असे स्पष्ट लिहिलेले असते. तेथे पुस्तकाचे ऐका, पण त्या वेळी चेहरा बॅटरीवर आणू नका.

दोन्ही चिमटे पक्के बसले की मग पेटीला वायर जोडा किंवा तिचे बटण दाबा. हिरवा दिवा पाहा. पेटी पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर, घसरणार नाही अशी ठेवा. सगळ्यांना बाजूला व्हायला सांगा. आता आत बसा आणि सेल मारा. तीन ते पाच सेकंद, त्याहून जास्त नाही. गाडी सुरू झाली नाही तर किल्ली बंद करून निदान एक मिनिट थांबा. एवढ्या प्रवाहाने वायरी आणि पेटी दोन्ही तापतात. तीन वेळा प्रयत्न करूनही गाडी सुरू झाली नाही, तर थांबा. चौथा, पाचवा, सहावा सेल मारून गाडी सुरू होत नाही, पेटी मात्र जाते.

बऱ्याच पेट्यांवर ‘बूस्ट’ नावाचे एक वेगळे बटण असते. बॅटरी इतकी मेलेली असेल की पेटीला ती जोडली आहे हेच कळत नाही, अशा वेळचे ते बटण. पण ते दाबले की पेटीतली संरक्षणाची व्यवस्था सहसा बंद होते. चिमटे उलटे असले तरी ती अडवत नाही. ठिणगी उडते, फ्यूज जातात, अल्टरनेटर आणि गाडीचा संगणक जळू शकतो, पेटी पेट घेऊ शकते. तेव्हा नवशिक्याने या बटणाच्या वाटेला जाऊ नये. जाणकारानेही चिमटे दोनदा तपासल्याशिवाय ते दाबू नये.

‘अरे, लावून टाक कसेही, उशीर होतोय!’ असे मागून कुणीतरी म्हणतेच. त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकणे हीसुद्धा या कामातली एक पायरी आहे.

गाडी सुरू झाली, पुढे काय?

इंजिन चालू ठेवून आधी पेटी बंद करा किंवा तिची वायर काढा. मग काळा चिमटा, शेवटी लाल. लावताना लाल आधी, काढताना काळा आधी. हे पाठच करून ठेवा. चिमटे एकमेकांना टेकू देऊ नका. गाडी सुरू झाल्यावर पेटी उगाच जोडून ठेवू नका, कारण गाडीचा प्रवाह उलट तिच्यात शिरू शकतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची टर्मिनल काढून ‘डायनामो चालतो का’ हे पाहण्याची जुनी सवय अनेक उस्तादांना आहे. आजच्या गाड्यांत असे कधीही करू नये. व्होल्टेज एकदम उसळते आणि गाडीचा संगणक जातो.

आता लगेच गाडी बंद करू नका. निदान अर्धा तास ती चालली पाहिजे. जागेवर दहा मिनिटे घरघरत ठेवल्याने बॅटरी फारशी भरत नाही. आणि अर्ध्या तासाने ती पुरती भरते असेही समजू नका. त्याच दिवशी तिची तपासणी करून घ्या.

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांना मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.७ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो तेवढा वर येत नसेल तर दोष अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या पट्ट्यात आहे. अशी गाडी पेटीने सुरू करून नाशिक फाटा ओलांडला तरी मोशीच्या पुढे ती पुन्हा बंद पडणार, तीही भरधाव वाहनांच्या मध्ये. ज्या चार माणसांना वेळेवर पोचवायचे म्हणून धडपड केली, तीच रस्त्यावर येणार. म्हणून दोष कळल्याशिवाय लांबच्या फेरीला निघू नये. वाटेत बंद पडलीच तर धोक्याचे दिवे लावा, गाडी कडेला घ्या, मागे त्रिकोण ठेवा. माणसांना गाडीत न ठेवता रस्त्यापासून दूर उभे करा.

बॅटरी का उतरली, याचाही हिशेब करा. दोन मोठे दिवे चालू राहिले तर सुमारे नऊ अँपिअर खातात. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार तासांच्या आत रिकामी होते. आतला छोटा दिवा रात्रभर राहिला तरी नवी बॅटरी तग धरते, चार वर्षे वापरलेली धरत नाही. साधारण तीन ते पाच वर्षे हे बॅटरीचे आयुष्य. उन्हाळा तिला आतून पोखरतो आणि थंडीची पहाट ते उघडे पाडते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाड्या जास्त बंद पडतात. पुढे लिंबू-मिरची टांगून यात फरक पडत नाही. वर्षातून दोनदा टर्मिनल साफ करून घेतल्याने पडतो.

पेटीची निगा

लिथियमची पेटी उन्हाला भिते. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशी गाठतो, तेव्हा काचा बंद करून उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आत तो साठच्या घरात जातो. अशा गाडीच्या डॅशबोर्डवर पेटी ठेवणे म्हणजे आग जवळ बाळगणे. चालकाने ती डब्याबरोबर घेऊन जावी आणि डब्याबरोबर परत आणावी. दर तीन महिन्यांनी चार्ज करावी. वापरली की त्याच दिवशी पुन्हा चार्ज करावी. रात्री अंथरुणाजवळ किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नये. फुगली, आपटली, भिजली किंवा तिला गोडसर रसायनासारखा वास येऊ लागला, तर वापर बंद. भंगारवाल्याकडे किंवा कचऱ्यात टाकू नका, तुटली की ती पेटते. जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रावर द्या. गाडीची जुनी बॅटरीही नवी घेताना दुकानात परत करावी. २०२२ च्या नियमांप्रमाणे तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि आपल्यालाही किमतीत सूट मिळते. घरी फोडून शिसे काढण्याच्या फंदात पडू नका. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते.

अपघात झालाच तर

आम्ल डोळ्यात उडाले तर एक सेकंदही न घालवता स्वच्छ पाणी मारा. नळ असेल तर नळाखाली, नसेल तर पिण्याच्या बाटलीने. पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान वीस मिनिटे पाणी वाहू द्या. डोळा चोळू नका. तूप, दूध, गुलाबपाणी, खाण्याचा सोडा, यांपैकी काहीही डोळ्यात घालू नका. सोडा टर्मिनलवरची बुरशी धुण्यासाठी ठीक, डोळ्यासाठी नव्हे. त्यानंतर, बरे वाटत असले तरी, थेट दवाखान्यात. सांगवी फाट्याजवळ औंधचे जिल्हा रुग्णालय आहे, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. अंगावर उडाले तर कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुवा. पेटीने पेट घेतला तर हात लावू नका. लांब व्हा, धुरात उभे राहू नका, १०१ वर अग्निशमन दलाला कळवा.

म्हणूनच गाडीत पेटीबरोबर पाण्याची एक मोठी बाटली कायम असू द्या. ती पेटीपेक्षा महत्त्वाची आहे.

कात्रण कापून ठेवा

पुढच्या ओळी कापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवाव्यात.

१. गॅसचा वास, फुगलेली किंवा फुटलेली बॅटरी, पुराचे पाणी : हात लावायचा नाही.
२. सगळे दिवे बंद, किल्ली खिशात, अंगठी-कडे उतरवलेले, डोळ्यांवर चष्मा.
३. अधिक-वजाची खूण डोळ्यांनी पाहायची, रंगावर जायचे नाही.
४. आधी लाल अधिकला, मग काळा इंजिनाच्या लोखंडाला, शेवटी पेटी चालू.
५. पाच सेकंद सेल, एक मिनिट विश्रांती, फक्त तीन वेळा.
६. सुरू झाल्यावर पेटी बंद, काळा आधी काढायचा, लाल नंतर.
७. त्याच दिवशी बॅटरीवाल्याकडे तपासणी.

ही माहिती घरातल्या एकट्या चालकापुरती ठेवू नका. गाडी मुलगी चालवत असेल, सूनबाई चालवत असतील, तर त्यांनाही एकदा दिवसाउजेडी बोनेट उघडून सगळे दाखवा. पेटी न जोडता नुसता क्रम करून दाखवला तरी पुरे. पाहून केलेले काम अंधारातही आठवते.

त्या पहाटेच्या चालकाकडे पुन्हा वळू. चार माणसे ताटकळत आहेत, फोन वाजतो आहे. अशा वेळी त्याने आधी एक फोन करावा आणि सांगावे, ‘दादा, बॅटरी उतरली आहे, दहा मिनिटे लागतील.’ एवढे सांगितले की हात आपोआप शांत होतात. मग चष्मा लावावा, खूण पाहावी, लाल आधी, काळा नंतर. एखादा खाडा पुढच्या महिन्यात भरून निघतो. गेलेला डोळा कोणत्याही पगारात भरून निघत नाही.